शेत नको, हंगाम नको!

नाशिक-पुणे महामार्गावरचं शिंदे गाव ऑक्टोबर २०२३मध्ये एकाएकी राज्यभर गाजलं. मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. आत मेफेड्रोन हा अमली पदार्थ तयार होत होता. बाजारात त्याला म्हणतात 'एमडी'. या प्रकरणात एकूण सुमारे १५० किलो माल जप्त झाला आणि पोलिसांनी त्याची किंमत ३०० कोटींच्या घरात सांगितली.

गांजाला शेत लागतं, अफूला हंगाम. एमडीला शेड, रसायनं आणि ती हाताळणारा माणूस एवढं पुरतं.

पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये 'खात' नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्यातल्या कॅथिनोन या उत्तेजक द्रव्याचा मेफेड्रोन हा कृत्रिम भाऊबंद. १९२९मध्ये तो पहिल्यांदा तयार झाला आणि मग कित्येक दशकं विस्मरणात गेला. या शतकाच्या सुरुवातीला त्याची कृती पुन्हा बाहेर आली. ब्रिटनमध्ये तर 'झाडांचं खत' म्हणून, पाकिटावर 'मानवी सेवनासाठी नाही' असं छापून तो उघड विकला जाई. एप्रिल २०१०मध्ये तिथे बंदी आली. भारतात फेब्रुवारी २०१५मध्ये त्याचा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत समावेश झाला.

मेंदूत गेल्यावर एमडी डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन यांचा एकदम लोंढा सोडतं. उत्साह चढतो, झोप आणि भूक पळते. पण हा अंमल दोन-तीन तासांतच ओसरतो, म्हणून लगेच दुसरी मात्रा घेतली जाते, मग तिसरी. नाडी धावते, रक्तदाब आणि शरीराचं तापमान वाढतं, भास होऊ लागतात. यावर ठरावीक उतारा नाही. डॉक्टरांना लक्षणांवरच उपचार करावे लागतात.

असाच दुसरा गट कृत्रिम कॅनाबिनॉइड्सचा, म्हणजे गांजाची नक्कल करणाऱ्या रसायनांचा. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हफमन यांनी मेंदूतले ग्राहक (रिसेप्टर) अभ्यासण्यासाठी शेकडो संयुगं बनवली. त्यांतलं 'जेडब्ल्यूएच-०१८' २००८मध्ये जर्मनीत 'स्पाइस' नावाने विकल्या जाणाऱ्या वाळक्या पाल्यावर फवारलेलं सापडलं. गांजातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी मेंदूतल्या 'सीबी-१' ग्राहकाला अर्धवटच चेतवतं. ही संयुगं पूर्ण ताकदीने. जुलै २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अशाच एका संयुगाने एका दिवसात ३३ जणांना सुन्न करून टाकलं. गांजा शोधणाऱ्या नेहमीच्या लघवी-तपासणीत ही संयुगं सापडतही नाहीत.

कायद्याची अडचण इथेच आहे. रेणूत एखादा अणुगट बदलला, की नंबरप्लेट बदललेल्या गाडीसारखा नवा पदार्थ यादीतून निसटतो. म्हणून चीनने २०२१मध्ये कृत्रिम कॅनाबिनॉइड्सचा अख्खा वर्गच प्रतिबंधित केला. आपल्याकडे एमडी यादीत आहे आणि ५० ग्रॅम ही त्याची व्यावसायिक मात्रा. त्याहून जास्त साठा सापडून गुन्हा सिद्ध झाला, तर किमान १० वर्षं सक्तमजुरी.

तरीही नुसत्या छाप्यांनी हा धंदा थांबणार नाही. कच्ची रसायनं कुठून येतात आणि बंद गाळे कोण भाड्याने घेतं, यावर औद्योगिक वसाहतींनीच नजर ठेवायला हवी. घरातलं कुणी या विळख्यात असेल, तर ते लपवू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे; विक्रीची माहिती १९३३ या क्रमांकावर देता येते.