रसग्रहणाची तयारी आणि माणदेशाची पाने

राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात मोडणाऱ्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा 4 गुणांचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयात त्याने मराठी विषय घेतला की सत्रान्त परीक्षेत हेच काम अधिक विस्ताराने त्याच्यापुढे येते. कवितेने काय सांगितले, ते कोणत्या कल्पना-प्रतिमांतून सांगितले आणि त्यासाठी भाषा कशी वापरली, या तीन अंगांना शालेय परिभाषेत अनुक्रमे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे म्हणतात.

ही परिभाषा उपयुक्त असली तरी तयारीचा घात बहुतेकदा तिच्याच आधाराने होतो, कारण तीन मथळे पाठ झाले की त्यांखाली गाईडमधील वाक्ये भरणे सोपे जाते. ‘कवीने साध्या शब्दांत प्रभावी आशय मांडला आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चालते, म्हणूनच ते कोणत्याही कवितेविषयी काहीच सांगत नाही. सत्राच्या अखेरीस अशी वाक्ये घोकून घेण्यात जाणारे तास खरोखर वाया जातात.

सारांश आणि विश्लेषण यांतील भेद विद्यार्थ्याला दाखवण्यासाठी या भागातील शिक्षकाला दूर जावे लागत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही 1955 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी माणदेशातील, म्हणजे सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरील दुष्काळी पट्ट्यातील, धनगरवस्तीची आहे. एक तरुण मास्तर तिथे शाळा चालवायला येतो, गावाशी एकरूप होतो आणि दुष्काळाने वस्ती ओस पडताना पाहतो, एवढे लिहिणे हा सारांश झाला. लेखकाने निवेदक, म्हणजे कथा सांगणारी व्यक्ती, म्हणून बाहेरून आलेल्या मास्तरालाच का निवडले, हा प्रश्न विचारला की विश्लेषण सुरू होते. मास्तराला गाव अनोळखी असल्यामुळे वाचकही त्याच्याबरोबरच कारभाऱ्याला, मेंढरांना आणि तिथल्या रीतिभातींना हळूहळू ओळखू लागतो. परिणामी शेवटी वस्ती मोडते तेव्हा ते नुकसान त्याला आपले वाटते. आटपाडी किंवा जतच्या विद्यार्थ्याला पाणीटंचाई आणि स्थलांतर ऐकून वा पाहून ठाऊक असते, हा त्याचा मोठा लाभ आहे. मात्र अनुभव ठाऊक असणे आणि तो पानावर कसा उभा केला आहे हे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षा दुसऱ्या गोष्टीची असते.

कवितेसाठी बा. सी. मर्ढेकरांचा आधार घेता येतो. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे ज्यांचे मूळ गाव, त्या मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात कलाकृतीच्या घटकांमधील संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांतून तिचे सौंदर्य उलगडले. शाळकरी मुलाला सिद्धान्ताचे नाव सांगण्याची गरज नाही. पहिल्या कडव्यातील भाव शेवटच्या कडव्यात टिकतो की उलटतो, एवढे विचारले तरी पुरे.

प्रत्यक्ष तयारीत सर्वांत अधिक वेळ न शिकवलेल्या कवितेला द्यावा, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. कविता दोनदा मोठ्याने वाचावी, अडणाऱ्या वा खटकणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढावी, आणि प्रत्येक विधानापुढे ते ज्या शब्दावरून सुचले तो शब्द लिहावा. ज्या विधानापुढे शब्द सापडत नाही ते खोडावे. वेळ लावून उत्तर लिहिण्याचा सराव त्यानंतरचा आहे. पहिल्या सत्राच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकाही यासाठी मोलाच्या असतात, परंतु शिक्षकाने केवळ गुण न देता कोणते वाक्य पुराव्याविना उभे आहे हे समासात दाखवले आणि विद्यार्थ्याकडून तेवढाच परिच्छेद पुन्हा लिहून घेतला, तरच त्यांचा उपयोग होतो.