आजारी हार्ड डिस्क : आधी नक्कल, मग दुरुस्ती

जीर्ण पोथी हाती आली, की जाणता माणूस ती रोज उघडून वाचीत बसत नाही. आधी नक्कल उतरवून घेतो. संगणकाच्या हार्ड डिस्कचेही तसेच आहे.

समजा, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार किंवा मेहकरच्या एखाद्या शाळेची डिस्क अडखळू लागली. आत मुलांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी. तर गुरुजी, काम तिथेच थांबवा. आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगते. ते टेकले, की तबकडी खरवडलीच. म्हणून टक्‌टक् आवाज येत असेल, तर वीज तोडा. पुन्हा लावून पाहू नका, झाकण उघडू नका. ते काम धूलिरहित प्रयोगशाळेचे.

आवाज नसेल, तर तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर नक्कल काढा. ‘डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य आज्ञावली धड भाग आधी उतरवते, खराब भागाकडे मागाहून वळते. मात्र जुनी कोणती, नवी कोणती, हे दोनदा पाहा. उलटसुलट झाले तर होते तेही जाईल. दुरुस्तीचे प्रयोग नकलेवरच करा. आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहू नका.

आणि डिस्क धडधाकट आहे तोवरच एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. नक्कल काढायची खरी वेळ तीच.