आडवे बोअर : पाण्याचे आणि तेलाचे

विहिरीला पाणी तळातून येते की कडेतून? हा प्रश्न वडूजच्या पेठेत विचारला तर शाळकरी पोरही सांगेल की झरे कडेला असतात. आपल्या खटाव-माणच्या पर्जन्यछायेतल्या मुलखात विहीर आटली की शेतकरी आधी ती खोल करतो. तेवढ्याने भागले नाही तर यारी मागवतो, यंत्र विहिरीत उतरवतो आणि कडेच्या खडकात आडवे बोअर मारून घेतो. हीच युक्ती भर समुद्रात, पोलादी नळाच्या आतून, तेलासाठी वापरली जाते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. आम्ही काही अभियंते नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि यंत्रावर हात काळे करणाऱ्या माणसांच्या संगतीत झाले. त्या शिदोरीवर हा विषय आपणांपुढे मांडत आहोत.

प्रथम आपला खडक पाहू. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र, ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो. खाली घट्ट पाषाण. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही, ते राहते भेगांत, आणि भेगा पुष्कळदा उभ्या असतात. आता उभा बोअर उभ्या भेगेला समांतर जातो. दोन भेगांच्या मधून तो दोनशे फूट गेला तरी कोरडा राहू शकतो, आणि भेग हातभर अंतरावर पाण्याने भरलेली असते. आडवा बोअर मात्र वाटेत येणारी प्रत्येक भेग कापत जातो. त्यात नशिबाचा भाग आहेच. परंतु पाणाड्याच्या नारळापेक्षा ही भूमिती अधिक भरवशाची, असे आमचे मत आहे.

तेलाचेही असेच. जमिनीखाली तेलाचे तळे असते ही समजूत चुकीची आहे. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी असावे तसे असते. मुंबईपासून पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात ‘बॉम्बे हाय’ आहे, ज्याला आता मुंबई हाय म्हणतात. तेथे ‘सागर सम्राट’ या फलाटावरून १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथला मुख्य तेलाचा खडक म्हणजे चुनखडीचे थर, समुद्रतळाच्या खाली हजार मीटरहून अधिक खोल. दोन थरांमध्ये चिकणखडकाचे पातळ पापुद्रे. वरच्या बाजूस वायू, मध्ये तेल, खाली पाणी. म्हणजे थर वेगळ्या जातीचे, पण रचना आपल्या डोंगराच्या कड्यासारखीच.

तेलाची विहीर आपल्या विहिरीसारखी उघडी ठेवता येत नाही. ती ढासळेल, शिवाय निरनिराळ्या थरांतले पाणी आणि वायू एकमेकांत मिसळतील. म्हणून टप्प्याटप्प्याने खोदून प्रत्येक टप्प्यात पोलादी केसिंग उतरवतात. मग पातळ सिमेंट नळातून खाली दाबतात. ते तळाशी बाहेर पडून नळ आणि खडक यांमधल्या फटीतून वर चढते आणि आळते. शेवटचा नळ पुष्कळदा सात इंचांचा, म्हणजे वीतभरही नव्हे. आता गंमत पाहा. कोट्यवधी रुपये ओतून विहीर झाली, आणि तिच्यात तेलाचा थेंब येणार नाही! चहूबाजूंनी ती आपणच बुजवली आहे. तेव्हा हव्या त्या खोलीवर, आतून बाहेर, पोलाद आणि सिमेंट भेदून खडकात शिरले पाहिजे.

पूर्वी यासाठी गोळ्या झाडत. १९३२ साली कॅलिफोर्नियात लेन आणि वेल्स या दोघांच्या कंपनीने विहिरीत बंदूक सोडून केसिंगला भोके पाडली. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे फोडण्यासाठी जी विद्या वाढली तिने पुढे या बंदुकीला मागे टाकले. स्फोटक द्रव्याला पोकळ शंकूचा आकार दिला तर स्फोटाचा जोर एका रेषेत एकवटतो. शंकूला आतून तांब्याचे अस्तर असते. स्फोट होताच त्या तांब्याची सुईसारखी धार होऊन सेकंदाला काही किलोमीटर वेगाने सुटते. पोलादी नळीत असे शंकू नागमोडी ओळीने बसवून ती नळी तारेने खाली सोडतात. एकेका शंकूने पडणारे भोक बोटाएवढे रुंद आणि खडकात हात-दोन हात खोल. खोली मात्र काटेकोर साधावी लागते. नळाचे सांधे आणि खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजत मोजत कामगार जागा निश्चित करतात. दोन-चार मीटरांची चूक झाली तर तेलाऐवजी वरचा वायू येईल, नाहीतर खालचे पाणी.

ही झाली टोचणी. खरा आडवा बोअर त्याच्या पुढचा. जुन्या विहिरीच्या नळात, ठरवलेल्या खोलीवर, पोलादाची लांब पाचर पक्की बसवतात. वरून फिरत येणारे कापणीचे हत्यार पाचरीवरून घसरते, बाजूला रेलते आणि केसिंग कुरतडत तिला लांबट खिडकी पाडते. त्या खिडकीतून छिद्रक बाहेर खडकात जातो. सगळा नळकांडा फिरवण्याऐवजी वरून दाबलेल्या चिखलाच्या जोराने टोकाजवळचे यंत्र फिरते, आणि त्याला किंचित बाक दिलेला असल्याने विहीर हळूहळू वळत आडवी होते. पोलादी दांडा वाकतो कसा, असे कोणी विचारील. शेकडो मीटर लांबीचा पोलादी नळ वेताच्या छडीसारखा लवतो. जी खूण आपल्याकडे यारीवाला नजरेने करतो ती तेथे जमिनीखालची मोजणीची साधने करतात.

या विद्येचा एक थोर कारागीर सोविएत संघात होऊन गेला, अलेक्झांडर ग्रिगोर्यान. १९५३ साली बाश्किरियात त्याने एकाच विहिरीला झाडाच्या मुळांसारख्या नऊ फांद्या फोडल्या. खर्च नेहमीच्या विहिरीच्या दीडपट झाला आणि तेल सतरापट आले, असे सांगतात. मुंबई हायमध्ये या शतकाच्या आरंभापासून जुन्या विहिरींना अशाच बाजूच्या वाटा काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ऐंशीच्या दशकात तेथून दिवसाला साडेचार लाख पिंपांहून अधिक तेल निघे. पुढे ते ओसरत गेले. समुद्रात नवा फलाट उभारण्यापेक्षा जुन्याच विहिरीच्या कुशीतून मागे राहिलेल्या तेलाकडे जाणे स्वस्त पडते. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आडव्या बोअरने तेल उत्पन्न होत नाही आणि पाणीही उत्पन्न होत नाही. खडकात जे आहे तेच लवकर हाती येते.

आणि ते कोणाच्या खडकातले, हा प्रश्न येथेच उभा राहतो. अमेरिकेत पूर्व टेक्सासच्या तेलक्षेत्रात १९६२ साली मोठे प्रकरण उघडकीस आले. विहिरीचे तोंड एकाच्या जमिनीत, तळ शेजाऱ्याच्या तेलात, अशा तिरप्या विहिरी शेकड्यांनी सापडल्या. १९९० च्या जुलैत इराकने कुवेतवर रुमैला क्षेत्रातले तेल चोरल्याचा आरोप केला. कुवेतने तो नाकारला. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या युद्धाचे कारण तेवढेच होते असे नव्हे, पण जमिनीखालच्या तिरप्या भोकाचे निमित्त पुरेसे झाले.

आपल्या समुद्राखालचे तेल राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाने संघराज्याचे आहे, त्यामुळे मुंबई हायमध्ये बांधाचे भांडण नाही. पाण्याचे तसे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, ठरीव प्रवाहाने न वाहणारे जमिनीखालचे पाणी ‘आपल्या हद्दीच्या आत’ गोळा करण्याचा जमीनमालकाचा हक्क मानला आहे. हद्दीच्या आत, हे शब्द लक्षात ठेवा. ज्याची विहीर बांधापासून वीस फुटांवर आहे आणि बोअर त्याच दिशेला शंभर फूट गेला आहे, त्याचे ऐंशी फूट कोणाच्या शेतात आहेत? वर ज्वारी शेजाऱ्याची, खाली भोक आपले. भाऊबंदकीत आधीच तंटे कमी नाहीत. बोअर मारण्यापूर्वी विहिरीपासून बांधापर्यंतचे अंतर टेपाने मोजून कागदावर घ्यावे आणि बोअर आपल्याच जमिनीच्या अंगाला वळवावा, एवढे तरी प्रत्येकास करता येण्याजोगे आहे. शेजाऱ्याच्या अंगाला भेग चांगली असेल तर दोघांनी मिळून खर्च आणि पाणी वाटून घ्यावे.

आता कामगाराविषयी, त्यावाचून आमचे व्याख्यान पुरे होत नाही. तेलाच्या विहिरीत माणूस उतरत नाही. माणूस वर, हत्यार खाली. स्फोटाची नळी सोडताना बिनतारी यंत्रे आणि मोबाईल बंद ठेवतात, कारण भटक्या विजेनेही ती उडू शकते. इतके नियम असूनही माणसे मरतात. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात केसिंगच्या तळाचे सिमेंट वायू रोखू शकले नाही, आणि फलाटावरचे अकरा कामगार गेले. मुंबई हायमध्ये २७ जुलै २००५ रोजी एक जहाज फलाटाच्या वायुनळांवर आदळले. आग लागली आणि बावीस जण दगावले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ ही कामगारांची बार्ज बुडाली, तेव्हा सत्तरहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य कंत्राटी होते.

आपल्या विहिरीत याच्या उलट. यंत्राबरोबर माणूस खाली जातो, यारीच्या दोराला लोंबकळत. खाली दमट कोंदट हवा, यंत्राचा कानठळ्या बसवणारा आवाज, नाकातोंडात दगडाची बारीक पूड, आणि डोक्यावर साठ-सत्तर फूट उंचीचा कडा, ज्यातला एखादा धोंडा कंपनाने सुटू शकतो. हे काम करणारी पोरे बहुधा परगावची, मजुरी फुटावर, हजेरीचा कागद नाही. धोंडा पडला तर यारीचा मालक शेतकऱ्याकडे बोट दाखवतो, शेतकरी मालकाकडे, आणि पोराचा बाप दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहतो. आम्ही अशी तीन प्रकरणे हाताळली आहेत; भरपाई एकातच मिळाली, तीही निम्मी.

म्हणून वडूज बाजारात यारी ठरवणाऱ्या शेतकऱ्यांस आम्ही सांगत असतो की फुटाचा दर ठरवताना त्याच कागदावर आणखी चार ओळी लिहून घ्या : उतरणाऱ्याचे नाव आणि त्याचा विमा, डोक्याला टोप, नाकाला पट्टी, कमरेला यारीच्या दोरापासून वेगळा दुसरा दोर, काम सुरू होण्याआधी सैल दगड पाडून घेणे, आणि खाली माणूस असेतो वर काठावर एक माणूस, ज्याला दुसरे कोणतेही काम दिलेले नाही.