जपानी भाषा आणि नोकरी : काही गैरसमज

जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. या परीक्षेभोवतीही काही गैरसमज फिरतात.

पहिला म्हणजे, प्रमाणपत्र मिळाले की नोकरी पक्की. जेएलपीटीत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. बोलणे आणि लिहिणे तपासलेच जात नाही. त्यामुळे एन-३ झालेला उमेदवारही मुलाखतीत पाठ केलेली स्वतःची ओळख संपली, की पहिल्याच उलट प्रश्नाला अडखळू शकतो. दुभाष्याच्या आणि अनुवादाच्या कामाला साधारणपणे एन-२ किंवा त्यावरची पातळी लागते.

भाषा शिकून फक्त अनुवादक किंवा शिक्षक होता येते, हेही खरे नाही. उलट, हाताशी दुसरे कौशल्य असेल तर भाषेची किंमत वाढते. एप्रिल २०१९ मध्ये जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. रुग्ण व वृद्धांची देखभाल, बांधकाम, शेती अशी क्षेत्रे त्यात येतात. भारताशी यासंबंधीचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. या व्हिसासाठी बहुतेक क्षेत्रांत एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा पुरते, पण सोबत कामाची कौशल्यचाचणीही द्यावी लागते. देखभालीच्या कामासाठी भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा असते.

मोबाइल भाषांतर करून देतो, मग शिकायचे कशाला? वाक्याचा अर्थ मोबाइल देतो, हे मान्य. पण बैठकीत जपानी अधिकारी ‘केन्तो शिमास’ म्हणाला, तर शब्दशः अर्थ ‘विचार करतो’ असा निघतो. अनेकदा तो सभ्य नकार असतो. तो ओळखता आला नाही, तर इकडचा माणूस होकाराची वाट पाहत बसतो.

कांजी लिपीची धास्ती मात्र अगदीच खोटी नाही. सार्वजनिक वापरासाठी निश्चित केलेल्या कांजी २,१३६ आहेत आणि त्या घोकण्याला पर्याय नाही. व्याकरणाची गोष्ट वेगळी. ‘मी उद्या पुण्याला जातो’ हे जपानीत ‘वाताशी वा आश्ता पुने नि इकिमास’ असे होते. शब्दांचा क्रम तोच. ‘ला’च्या जागी ‘नि’, तोही नामाच्या मागेच. ‘मी’नंतरचा ‘वा’ तेवढा जास्तीचा. शिवाय जातो-जाते असा भेदही नाही. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला वाक्य उलटे करून घ्यावे लागते, मराठी माणसाला नाही. तरीही आपल्याकडे बरेच जण इंग्रजीतूनच ती शिकतात!

वय उलटले म्हणून मागे हटण्याचेही कारण नाही. मोठ्यांचे उच्चार लहान मुलांइतके सहज वळत नाहीत, पण व्याकरणाचे नियम त्यांना लवकर उमगतात. जेएलपीटीला वयाची अट नाही आणि निकालाला मुदतही नाही; तो किती जुना चालेल, हे नोकरी देणारी कंपनी ठरवते.