फटाक्याला दचकते, मग ऐकू कसे येत नाही?

दोन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत पहाटेच लवंगीची माळ तडतडली आणि माझी नात चिमी दचकून माझ्या पदरात शिरली. मी मोठ्या विजयाने सूनबाईकडे पाहिले. "बघ! ऐकू येतं हो पोरीला. उगीच जिवाला लावून घेतेस."

सूनबाई काही बोलली नाही. चिमीला सव्वादोन वर्षे झाली होती आणि तिचे बोलणे म्हणजे 'आ' आणि 'बा'. बाकी सारा कारभार आमचा हात धरून ओढण्याचा. "तुझा नवरा तरी तिसऱ्या वर्षापर्यंत कुठे बोलला?" हे माझे पालुपद. वेखंड उगाळून जिभेला लावून झाले होते. फटाक्याचा पुरावा तेवढा बाकी होता, तोही मी त्या दिवशी दिला. आणि तो साफ खोटा ठरला.

भाऊबीज होताच सून हट्टाने तिला कान तपासायला घेऊन गेली. चिमीला झोपवून, कपाळाला व कानामागे तारा चिकटवून 'बेरा' नावाची तपासणी झाली. दोन्ही कानांना मध्यम प्रतीचे बहिरेपण, बहुधा जन्मापासूनचे! म्हणजे तिला फटाका ऐकू येई, काळारामाच्या देवळातली घंटा ऐकू येई. पण चार हातांवरून मारलेली माझी हाक तिला पुसलेल्या पाटीवरच्या अक्षरांसारखी अंधूक पोचे. 'स', 'श' असले बारीक आवाज तर वाटेतच हरवत. त्या रात्री मला झोप लागली नाही. सूनबाईने एका शब्दानेही मला बोल लावला नाही, तेच जास्त लागले.

आपण जिभेकडे पाहत बसतो, पण बोलणे सुरू होते कानापासून. आईच्या पोटातच, शेवटच्या महिन्यांत, बाळ आवाज ऐकू लागते. दोन-तीन महिन्यांचे झाले की हुंकार देते. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास 'बाबाबा', 'दादादा' अशी माळ लागते, वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो, आणि दुसरे वर्ष सरता सरता 'बाबा गेले', 'दूदू नको' अशी शब्दांची जोडी जमते. थोडे मागेपुढे व्हायचेच. फसवणूक अशी की ज्याला ऐकू येत नाही ते बाळही सुरुवातीला हुंकार देते. चिमीनेही दिले होते.

कानांना यंत्रे बसली आणि वाचा-उपचार सुरू झाले. मला वाटले, तिथल्या बाई आधी आमचे बोबडे बोलणे बंद करतील. त्या हसल्या. "आजी, भूभू, माऊ, हम्मा खुशाल म्हणा. फक्त तिच्या तोंडासमोर बसून म्हणा."

या बोबड्या बोलीचा विद्वानांनीही विचार केला आहे, बरे का! आपले भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर यांनी १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात 'मराठी बेबी टॉक' नावाचा निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली, त्यांत मराठी होती. मंमं, पापा, भूर हे शब्द आरशापुढे म्हणून पाहा. ओठ मिटतात, उघडतात, आणि मांडीवरच्या बाळाला ते स्पष्ट दिसते. वर आवाज चढा, लय संथ, शब्द पुन्हा पुन्हा. हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले होते?

मात्र एका गोष्टीत बाईंनी मला पकडले. मी दिवसभर परीक्षा घेई : "हे काय? ते काय?" त्या म्हणाल्या, "विचारू नका, सांगत जा. आणि सांगून झालं की गप्प बसा. तिची पाळी येऊ द्या." पोळी लाटताना "पोळी गोल गोल" म्हणायचे आणि मनात दहा आकडे मोजायचे. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ते दहा आकडे फार जड गेले! घरातला दूरदर्शन संचही त्या वेळी बंद ठेवावा लागे. अकराव्या दिवशी पोळीकडे पाहून चिमी म्हणाली, "गो." मी लाटणे तिथेच टाकले.

नवजात बाळाचे कान ते झोपले असतानाच तपासता येतात. कानात इवलेसे बोंडूक घालून काही मिनिटांत काम होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असे तज्ज्ञांचे धोरण आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. घरात पाळणा हलणार असेल तर प्रसूतिगृहातच विचारा. माझ्यासारखी फटाक्यांची वाट पाहू नका.

चिमी आता सव्वाचार वर्षांची आहे. 'र' अजून नीट येत नाही, गर्दीत तिची तारांबळ उडते, आणि गेलेले महिने भरून काढायला अजून वेळ लागणार आहे. परवा शेजारच्या मुलांबरोबर तिने अंगणात मातीचा किल्ला केला. चिखलाच्या हातांनी मला ओढत नेऊन म्हणाली, "आजी, किल्ला मी कलला!"

'करला', म्हणजे 'केला'. असे तिच्यासमोर कोणीच कधी म्हटलेले नाही. 'भर'चे 'भरला' होते तसे 'कर'चे 'करला', हा हिशेब तिचा तिनेच केला. शेजारचा मोठा मुलगा लगेच सुधारायला धावला, "करला नाही गं, केला म्हणायचं!"

"हो," चिमी ठासून म्हणाली, "मीच कलला."