अनारसा हसला तर?

अनारशाचे पीठ कितीही मुरलेले असो, जाणती गृहिणी सगळे अनारसे एकदम तळायला घेत नाही. एक छोटासा थापायचा, तुपात सोडायचा आणि पाहत राहायचे. जाळी पडली तर उत्तम. पण तो हसला, म्हणजे कढईत विरघळून पसरला, तर आधी पीठ दुरुस्त करायचे. इंजिनियर मंडळी ज्याला 'प्रोटोटाइप' म्हणतात, तो नमुना याहून फारसा निराळा नाही. फरक पदार्थाचा. इंटरनेटला जोडलेल्या आणि आपली खबर आपणच कळविणाऱ्या वस्तूंचा घाणा सध्या जगभर तळला जात आहे. या गोतावळ्याला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन अ‍ॅश्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने १९९९ मध्ये दिले. मी मराठीचा मास्तर. मला 'वस्तुजाल' हा शब्द अधिक आवडतो.

मौज अशी की, बारसे होण्यापूर्वीच हे बाळ चांगले रांगू लागले होते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथील संगणक विभागात शीतपेयाचे एक यंत्र होते. खोलीतून उठून तिथवर पायपीट करावी, तर यंत्र रिकामे किंवा बाटली कोमट! १९८२ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी यावर तोड काढली. यंत्रावर बाटल्यांच्या प्रत्येक रांगेसाठी एक लाल दिवा होता. बाटली विकली गेली की तो काही क्षण लागे. रांग संपली की लागलेलाच राही. सारी बातमी या दिव्यांतच आहे, हे या पोरांनी ओळखले. दिवे संगणकाला जोडले. दिवा लागून लगेच विझला, तर एक बाटली गेली. पाच सेकंदांहून अधिक राहिला, तर रांग रिकामी. नव्या बाटल्या भरल्या की घड्याळ सुरू. तीन तास झाले की बाटली 'थंड' ठरे. मग जागेवर बसूनच यंत्राची विचारपूस करता येऊ लागली.

पुढे १९९० साली जॉन रॉमकी याने एका प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर मांडला. पाव मात्र हातानेच ठेवावा लागे! दुसऱ्या वर्षी त्यासाठी एक छोटी यारी बसविण्यात आली. नमुन्याचा खरा उपयोग हाच. माणसाचा हात कोठे लागतो, हे कागदावरच्या आकृतीत दिसत नाही. पाव हातात घेऊन उभे राहिले की दिसते.

असे खेळ त्या काळी विद्यापीठांनाच परवडत. इटलीतील इव्रेआ गावच्या एका संस्थेतून २००५ मध्ये 'आर्डुइनो' नावाची स्वस्त पट्टी निघाली आणि हा खेळ विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला. तिचे नाव गावातल्या एका मद्यगृहावरून पडले आणि त्या मद्यगृहाचे एका जुन्या राजावरून. २०१४ नंतर तर वाय-फायसकट सगळी करामत करणारी चिप काहीशे रुपयांच्या आत मिळू लागली.

अशीच एक चिप माझ्या भाच्याने आमच्या पुण्याच्या सोसायटीत आणली. आमचे रखवालदार साठी उलटलेले. मोटार लावण्यापूर्वी पाणी किती आहे ते पाहायला पहाटे लोखंडी शिडीने गच्चीवरच्या टाकीवर चढत. पावसाळ्यात ती शिडी निसरडी होई, तेव्हा आम्हा सर्वांचाच जीव टांगणीला लागे. भाच्याने टाकीच्या झाकणाखाली एक यंत्र लावायचे ठरविले. ते कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्याकडे सोडते. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला, यावरून पाणी किती खाली आहे ते कळते.

टेबलावर, बादलीभर पाण्यावर, प्रयोग झकास झाला. गच्चीवर मात्र अनारसा हसला. झाकणाखाली वाफेचे थेंब यंत्राच्या तोंडावर जमत आणि आकडे भरकटत. स्लॅबमधून वाय-फाय पोहोचेना. पाण्यात चालणारे यंत्र आणले, राउटरची जागा बदलली. दोन्ही अडचणी सुटल्या. तिसरी अडचण दाखविली ती रखवालदारांनी.

"दादा, लाइट गेल्यावर हे काय दाखवणार?"

वीज घालवून पाहिली. फोनवर शेवटचाच आकडा तसाच उभा: टाकी भरलेली! प्रत्यक्षात नळ उघडे ठेवून पाणी उपसले, तरी फोनवर टाकी काठोकाठच. भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने एवढेच केले की, दहा मिनिटे निरोप आला नाही तर आकडा पुसून तेथे 'बातमी नाही' असे उमटावे. मोटार बंद करणारा जुना तरंगता गोळाही त्याने जागेवर राहू दिला. आता रखवालदारांना शिडी चढावी लागते ती 'बातमी नाही' असे दिसले तरच. आणि तेव्हाही कोणीतरी तरुण मुलगा त्यांच्याऐवजी वर जातो.

पहिला घाणा नीट न पाहताच दुकान मांडले तर काय होते, हे २०१६ मध्ये जगाने पाहिले. कारखान्यात घातलेला पासवर्ड तसाच असलेले लक्षावधी कॅमेरे आणि राउटर 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने आपल्या कह्यात घेतले. त्या ऑक्टोबरात त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. धन्याला पत्ता नाही आणि घरातला कॅमेरा परक्याची चाकरी करतो आहे!

वाचकहो, दिवाळीच्या खरेदीत असली एखादी बोलकी वस्तू आपल्याही घरी येईल. जरूर आणा. फक्त दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: पासवर्ड बदलता येतो का? इंटरनेट नसताना साध्या बटणावर चालते का? आणि आमच्या रखवालदारांचा प्रश्न: लाइट गेल्यावर हे काय दाखवणार? तिसऱ्याचे उत्तर दुकानदाराला देता आले नाही, तर वस्तू काउंटरवरच ठेवून पुढच्या दुकानाची पायरी चढा.