खचलेली पायरी

वसतिगृहाच्या ओट्याची लाकडी पायरी गेल्या वर्षी आम्ही दुरुस्त केली होती. म्हणजे कुजलेली फळी काढून नवी ठोकली, एवढेच. यंदाच्या पावसाळ्यात ती पुन्हा एका बाजूला खचली आणि पाण्याची कळशी घेऊन उतरणाऱ्या मावशी पडता पडता वाचल्या. दोष खाली जमिनीत होता आणि आम्ही तिकडे पाहिलेच नव्हते.

पायरीचे चारही खुंट थेट मातीत पुरलेले. लाकडाचे कापलेले टोक पाणी भराभर शोषते. तिथूनच बुरशी लागते, वाळवी शिरते. आपल्याकडच्या पायरीची शंका असेल तर खुंटाला जमिनीलगत पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला, तर वरून कितीही चांगले दिसो, ते लाकूड गेलेच.

या वेळी वीतभर माती उपसून मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसने ठोकला. त्यावर सपाट दगड, दगडावर नवे खुंट. फळ्या सागाच्या, पण गाभ्याच्या. कडेचे फिकट लाकूड सागाचेही कुजते. फळ्यांमध्ये फट ठेवली, बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला आणि टोकांना जवसाचे तेल पाजले. गावातले एक आजोबा बिब्ब्याचे तेल लावा म्हणाले. वाळवीवर ते जुने औषध खरे, पण अंगाला लागले की फोड येतात आणि आमची मुले अनवाणी, म्हणून नको म्हटले.

मागच्या दाराची पायरीही तशीच मातीत आहे. ती नाताळच्या सुट्टीत, मुले घरी गेली की.